ऑफ-रोड टायर विकत घेताना: काय आधी ठरवायचं, आणि टायर कुठे बनला हे कसं वाचायचं

ऑफ-रोड टायर घेणारे बहुतेक जण शेवटच्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी ब्रँड पक्का होतो, मग 'अमक्याच देशातला हवा' असा हट्ट धरला जातो, मग कुणाच्या तरी गाडीवर पाहिलेली दांडगी नक्षी डोळ्यांसमोर नाचू लागते. माप, भार, रिम आणि उत्पादनाची तारीख मात्र पैसे मोजून झाल्यावर आठवते. मग त्याच त्याच तक्रारी येतात: पूर्ण वळणावर मडगार्डला घासणारे टायर, जागेत न मावणारी स्टेपनी, 'नवे' म्हणून घेतलेले पण तीन-चार वर्षं गोदामात पडून असलेले टायर. खालचा क्रम पाळला तर यातलं बरंचसं टळतं. पायऱ्या उलटसुलट करू नका, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीतले चुकीचे पर्याय आधीच गाळून टाकते.

इथे विषय फोर-बाय-फोर, एसयूव्ही आणि पिकअपच्या टायरचा आहे. खाणीतल्या डंपर-लोडरच्या अवजड टायरना व्यापारात 'ओटीआर' म्हणतात. कारखान्यांची माहिती शोधताना या दोन्हींची सरमिसळ हमखास होते. गुडइयरने २०२५ मध्ये आपला ओटीआर व्यवसाय योकोहामाला विकला, तो या अवजड टायरचा. तुमच्या जीपच्या टायरशी त्या व्यवहाराचा संबंध नाही.

## १. टायर बघण्याआधी गाडी बघा

टेप, टॉर्च आणि वही घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत कंपनीचा स्टिकर असतो. त्यावरचं टायरचं माप, पुढच्या-मागच्या चाकांची हवा आणि दोन्ही अॅक्सलना चालणारं कमाल वजन लिहून घ्या. सध्या बसलेल्या टायरवरचं माप वेगळं नोंदवा. वापरलेली गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने माप बदललेलं असू शकतं, आणि मग 'कंपनीचं माप' समजून तुम्ही दुसऱ्याच मापावर हिशोब करत बसाल.

रिमची रुंदी आणि ऑफसेट (चाक आत-बाहेर किती सरकून बसतं त्याचा आकडा) रिमच्या मागच्या बाजूला कोरलेले असतात. चाक काढल्याशिवाय ते बहुधा दिसत नाहीत. स्टेपनी नेमकी याच कामी येते, ती खाली उतरवली की आकडे सहज वाचता येतात. मात्र स्टेपनीचं रिम बाकीच्या चार रिमांसारखंच आहे ना, ते आधी पाहा.

आता स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवा आणि टायरपासून सगळ्यात जवळची वस्तू शोधा. कधी ती मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक असते, कधी बंपरचा कोपरा, कधी सस्पेंशनचा वरचा आर्म. अंतर मोजा. दुसऱ्या टोकाला वळवून पुन्हा मोजा. स्टेपनीच्या जागेची रुंदी आणि खोलीही मोजून ठेवा.

इशारा: सपाट जागेवर उभ्या गाडीत सापडलेलं अंतर फसवं असतं. खड्ड्यात सस्पेंशन दाबलं गेलं की टायर वर सरकतो आणि तेच अंतर संपून जातं. भरलेल्या गाडीचं एक चाक उंचवट्यावर चढवून पुन्हा मोजा.

## २. जमीन कोणती, ते प्रामाणिकपणे ठरवा

'मला सगळीकडे जायचंय' हे उत्तर चालणार नाही. मागच्या वर्षभरात गाडी डांबरावर किती चालली, कच्च्या रस्त्यावर किती आणि खरोखर चिखलात, वाळूत किंवा खडकात किती, याचा अंदाज कागदावर मांडा. बहुतेकांचा डांबराचा हिस्सा त्यांना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा निघतो.

एच/टी म्हणजे मुख्यतः रस्त्यासाठी. ए/टी म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठी. एम/टी म्हणजे चिखल आणि खडकासाठी. या शेवटच्या दोघांच्या मधला आर/टी हा प्रकार अलीकडे बराच विकला जातो. ही अक्षरं कंपन्या आपापल्या समजुतीने वापरतात. एका ब्रँडचा ए/टी दुसऱ्याच्या आर/टी इतका आक्रमक असू शकतो, म्हणून अक्षरावर न जाता नक्षीकडे बघा. ठोकळ्यांमधली मोकळी जागा किती आहे, खांद्यावरचे ठोकळे बाजूला उतरलेत का, ठोकळ्यांवर बारीक चिरा आहेत का?

चिखलात मोकळी जागा लागते, कारण चाक फिरताना अडकलेला चिखल बाहेर फेकला गेला पाहिजे. तो साचला की कितीही खोल नक्षी असली तरी टायर गुळगुळीत होतो. वाळूत गोष्ट उलटी आहे. मोठे ठोकळे वाळू उकरतात आणि गाडी स्वतःचाच खड्डा खणते. तिथे मध्यम नक्षीचा ए/टी हवा कमी करून चालवला तर जास्त उपयोगी पडतो. खडकात नक्षीपेक्षा टायरच्या बाजूची ताकद आणि लवचीकपणा महत्त्वाचा.

ओल्या डांबरावर एम/टीची किंमत कळते. जमिनीला टेकणारं रबर कमी आणि ठोकळे उंच, त्यामुळे ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि वळणावर ढिली वाटते. आवाजाची सवय होते, थांबण्याच्या अंतराची होऊ देऊ नये. माझं मत स्पष्ट आहे: महिन्यातून काही वेळाच रस्ता सोडणाऱ्याने चांगला ए/टी घ्यावा आणि उरलेले पैसे पाचव्या टायरसाठी ठेवावेत.

बर्फात जायचं असेल तर दोन खुणा वेगळ्या ओळखा. 'एम+एस' (चिखल आणि बर्फ) ही खूण नक्षीच्या रचनेवरून कंपनी स्वतः लावते, त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी खूण मात्र चाचणीत ठरावीक पकड दाखवल्यावरच लावता येते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून नुसतं 'एम+एस' चालत नाही.

तपासा: टायरवर 'पीओआर' अशी अक्षरं असतील तर तो युरोपीय नियमांप्रमाणे व्यावसायिक ऑफ-रोड टायर आहे. त्याला किमान ११ मिमी खोल नक्षी, किमान ३५ टक्के मोकळी जागा आणि क्यू किंवा त्याखालची वेगश्रेणी, म्हणजे जास्तीत जास्त ताशी १६० किमी, अशा अटी असतात. रोज वेगवान महामार्गावर धावणाऱ्या गाडीला हा टायर योग्य आहे का, ते इथेच ठरवा.

## ३. मापाचा हिशोब

२६५/७० आर १७ म्हणजे टायरची रुंदी २६५ मिमी, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १७ इंच. व्यास काढायचा तर बाजूची उंची दुप्पट करून त्यात रिमचे मिलिमीटर मिळवायचे: १८५.५ दुणे ३७१, अधिक ४३१.८, म्हणजे सुमारे ८०३ मिमी. दुसऱ्या पद्धतीत ३१×१०.५० आर १५ असं लिहितात. तिथे व्यास ३१ इंच, रुंदी साडेदहा इंच आणि रिम १५ इंच असं थेट वाचायचं.

समजा गाडीला कंपनीचं माप २४५/७० आर १६ आहे आणि तुम्हाला २६५/७० आर १६ बसवायचाय. पहिल्याचा व्यास ७४९.४ मिमी, दुसऱ्याचा ७७७.४. फरक २८ मिमीचा, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे १४ मिमी. व्यास पावणेचार टक्क्यांच्या आसपास वाढला, म्हणून स्पीडोमीटरचा काटा ८० दाखवेल तेव्हा नव्या टायरमुळे वेग सुमारे ८३ पर्यंत जाईल. गिअरही तेवढेच लांब होतात. चढावर गाडी जड वाटेल आणि उतारावर इंजिनाचा रोध कमी पडेल.

एवढ्या फरकाला बऱ्याच गाड्या निभावतात. त्यापुढे गेलात की सस्पेंशन उंच करणं, मडगार्ड कापणं, डिफरेन्शियलचे गिअर बदलणं ही मालिका सुरू होते. तो खर्च टायरच्या खर्चात धरूनच निर्णय घ्या. कंपनीच्या मापाबाहेर गेल्यावर नोंदणी आणि विम्यावर काय परिणाम होतो, याचे नियम देशागणिक बदलतात. तुमच्याकडचा नियम लेखी पाहून घ्या, दुकानदाराच्या 'काही होत नाही' वर जाऊ नका.

प्रत्येक मापाला कोणती रिम-रुंदी चालते, याचा तक्ता टायर कंपनी देते. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला तर मधला भाग फुगतो आणि लवकर झिजतो. हवा कमी केल्यावर बीड, म्हणजे रिमला धरून बसणारी टायरची कड, रिमवरून सुटण्याचा धोका वेगळाच.

इशारा: फोर-बाय-फोर गाडीत चारही टायरचा फिरता घेर सारखा हवा. अर्धवेळ फोर-बाय-फोरमध्ये पुढचा आणि मागचा अॅक्सल थेट जोडले जातात. दोन टायर नवे आणि दोन झिजलेले असले तर पक्क्या जमिनीवर ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे दोन्ही अॅक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत, ताण साठत जातो. सतत चारही चाकं चालवणाऱ्या गाड्यांत तर काही मिलिमीटर झिजेचा फरकही महागात पडू शकतो. 'आता दोन घेतो, दोन पुढच्या वर्षी' हा बेत इथे चालत नाही.

## ४. भार, वेग आणि 'प्लाय'चा गोंधळ

मापाच्या शेजारी ११५टी, १२१/११८एस असं काहीतरी असतं. अंक भाराचा, अक्षर वेगाचं. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, ११५ म्हणजे १२१५, १२१ म्हणजे १४५०. तिरप्या रेघेनंतरचा दुसरा अंक जोडचाकांसाठी असतो, सिंगल चाकाच्या गाडीला तो लागू नाही. अक्षरांत क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९० आणि एच ताशी २१० किमी.

नियम साधा आहे: भाराचा अंक कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही. मागच्या अॅक्सलवर भरलेल्या गाडीचं वजन १६५० किलो येत असेल तर एका टायरच्या वाट्याला ८२५ किलो येतात. त्यासाठी १०१ पुरेसा दिसतो, पण गाडी तिरपी झाली, खड्ड्यात आदळली की सगळं वजन एका चाकावर येतं. लोखंडी बंपर, विंच, छतावरचा तंबू, पाण्याचे कॅन यांचं वजन लिहून काढा. यादी पूर्ण झाल्यावर स्वतःलाच आश्चर्य वाटतं.

मापाआधी 'एलटी' असेल तर तो हलक्या ट्रकसाठीचा मजबूत टायर. त्यावर लोड रेंज सी, डी किंवा ई असते. जुन्या भाषेत हेच ६, ८ आणि १० प्लाय. आज १० प्लायच्या टायरमध्ये दहा थर नसतात, तो फक्त ताकदीचा दर्जा आहे. खरे थर जाणून घ्यायचे असतील तर बाजूवरचा बारीक मजकूर टॉर्च लावून वाचा. तिथे नक्षीखाली पॉलिएस्टरचे, स्टीलचे आणि नायलॉनचे किती थर आहेत आणि बाजूला किती, हे स्वतंत्रपणे कोरलेलं असतं. बाजूला दोन थर आणि तीन थर यातला फरक टोकदार दगडांच्या वाटेवर जाणवतो. जाहिरातीत 'तीन थरांची साइडवॉल' लिहिलं असलं तरी सगळ्या मापांत ती असेलच असं नाही, म्हणून तुमच्या मापाच्या टायरवरच वाचा.

इशारा: एलटी टायरला तेवढंच वजन पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. साधा टायर काढून एलटी बसवला आणि हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणेच ठेवली, तर तो कमी हवेवर चालतो, तापतो आणि आतून खराब होतो. नवी हवा टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यावरून काढा. उलट ई रेंज आहे म्हणून थेट ८० पीएसआय भरणंही चूकच. ती कमाल हवा आहे, रोजची नाही.

गरज नसताना ई रेंज घेऊ नका. टायर काही किलोंनी जड होतो, चाकावरचं वजन वाढलं की ब्रेक, सस्पेंशन आणि इंधन तिन्हींवर भार येतो, आणि हलक्या गाडीखाली ताठ टायर नुसता आदळतो.

## ५. कुठे बनतो: ब्रँड, मालक आणि कारखाना

इथे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकच समजतात. नाव कोणाचं, मालकी कोणाची, आणि हातातला टायर कोणत्या कारखान्यातून निघाला?

बीएफगुडरिच हे अमेरिकी नाव १९९० पासून फ्रान्सच्या मिशेलिनकडे आहे, पण अमेरिकेत इंडियाना राज्यात वुडबर्नला त्याचे टायर बनतात. जनरल टायर १९८७ पासून जर्मनीच्या कॉन्टिनेन्टलचा. कूपर आणि त्याच्याबरोबर मिकी थॉम्पसन २०२१ मध्ये गुडइयरकडे गेले. निट्टो हा टोयोचाच ब्रँड. टोयोचे कारखाने जपानबरोबर अमेरिकेतल्या जॉर्जियात, मलेशियात आणि सर्बियात आहेत. जिओलँडर नावाचे टायर विकणाऱ्या योकोहामाचे कारखाने जपान, थायलंड, फिलिपिन्स आणि भारतातही आहेत. मॅक्सिसची मूळ कंपनी तैवानची चेंग शिन, तिचे कारखाने चीन, थायलंड आणि भारतात साणंदला. फाल्कनच्या मागे जपानची सुमितोमो रबर. तिने अमेरिकेतला बफेलोजवळचा कारखाना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद केला, म्हणजे तिथले टायर ज्यांच्याकडे आहेत त्यांना पुढचा जोड दुसऱ्याच देशातून मिळणार.

थायलंड जगात सर्वाधिक नैसर्गिक रबर पिकवतो, आणि तिथे जपानी, अमेरिकी, युरोपीय, तैवानी अशा अनेक कंपन्यांचे कारखाने आहेत. 'जपानी ब्रँड पण थायलंडचा माल' यात फसवणूक शोधू नका. कारखाना कच्च्या मालाजवळ जातो, एवढंच त्याचं कारण.

मग देशाला महत्त्व किती द्यायचं? माझ्या मते, नुसत्या देशाला फार कमी. एकाच मॉडेलचं एकच माप दोन कारखान्यांत बनू शकतं, आणि कधी कधी वेगळ्या बाजारासाठी त्याच नावाखाली थरांची किंवा रबराची रचना थोडी बदललेली असते. म्हणून एका देशातल्या वापरकर्त्याचा अनुभव तुमच्या टायरला जसाच्या तसा लावू नका. आधी बाजूवरचे थर, भार आणि वेगश्रेणी जुळतात का ते पाहा.

कारखान्याचा कोड मात्र खरोखर उपयोगी आहे, तो टायर परत मागवले जातात तेव्हा. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. पी२३५/७५ आर १५ मापाचे एटीएक्स आणि एटीएक्स टू त्यात होतेच, पण वाइल्डरनेस एटी या मॉडेलचे सुरुवातीला फक्त इलिनॉय राज्यातल्या डिकेटर कारखान्यातले टायर घेतले गेले. तेच मॉडेल, तेच माप, तरी तुमचा टायर यादीत आहे की नाही हे कारखान्याच्या कोडवरून ठरत होतं. पुढच्या वर्षी इतर कारखान्यांतल्या वाइल्डरनेस एटीचीही पाळी आली.

### हे वाचून देश ठरवू नका

गोलातलं किंवा चौकटीतलं 'ई' आणि शेजारचा अंक म्हणजे ज्या देशाने मान्यता दिली त्याचा क्रमांक. ई१ जर्मनी, ई२ फ्रान्स, ई४ नेदरलँड्स, ई११ ब्रिटन. ई४ लिहिलेला टायर आशियात बनलेला असू शकतो. अमेरिकेचं 'डीओटी', चीनचं 'सीसीसी', भारताचं आयएसआय, ब्राझीलचं 'इनमेट्रो' या खुणा टायर त्या बाजारात विकायला पात्र आहे एवढंच सांगतात. स्टिकरवरच्या बारकोडचे पहिले तीन अंकही कंपनीने क्रमांक कुठे घेतला ते दाखवतात, कारखाना नाही.

देश हवा असेल तर 'मेड इन' नंतरचा शब्द वाचा. तो रिमजवळ बारीक अक्षरांत असतो आणि घाईत नजरेतून सुटतो.

## ६. टायर हातात आल्यावर, रिमवर चढण्याआधी

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. टायर एकदा रिमवर चढला की दुकानदार तो परत घेत नाही, त्यामुळे जे वाचायचं ते आत्ताच.

डीओटी अक्षरांनंतरचा पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असतो, दुसऱ्या बाजूला अर्धवट असू शकतो. नव्या पद्धतीत तो १३ चिन्हांचा आहे. पहिली तीन चिन्हं कारखान्याची (जुन्या टायरवर दोन), मधली मापाची आणि कंपनीच्या अंतर्गत वापराची, शेवटचे चार अंक तारखेचे. जुन्या दोन अक्षरी कारखान्याला नव्या पद्धतीत पुढे १ लावला जातो. या कोडमध्ये इंग्रजीतली जी, आय, ओ, क्यू, एस आणि झेड ही अक्षरं वापरत नाहीत, म्हणून गोल दिसणारं चिन्ह शून्य समजा आणि उभी रेघ एक. कारखान्याचा कोड अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या, एनएचटीएसएच्या, सार्वजनिक नोंदीत शोधता येतो.

तारखेचे पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चारऐवजी तीनच अंक दिसले तर टायर २००० पूर्वीचा आहे, तो कोणत्याही किमतीला घेऊ नका. टायर अमेरिकेसाठी नसेल आणि डीओटी नसलं, तरी चार अंकी तारीख बहुतेक टायरवर सापडते.

किती जुना चालेल? वर्षाच्या आतला असेल तर विचार करायला नको. दीड-दोन वर्षांचा पण सावलीत, कोरड्या जागी ठेवलेला असेल तर हरकत नाही. त्यापुढे मी परत पाठवतो. ऑफ-रोड टायरची नक्षी खोल असते आणि कमी चालणाऱ्या गाडीवर ती अनेक वर्षं टिकते, त्यामुळे इथे टायर झिजून संपण्याआधी वयाने संपतो. काही वाहन कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात. अनेक टायर कंपन्यांची कमाल मर्यादा उत्पादनापासून दहा वर्षं आहे. गोदामात गेलेली वर्षं या आयुष्यातूनच वजा होतात.

तपासा, पाचही टायरवर:

- माप, भार आणि वेगश्रेणी बिलाशी जुळते का. 'एलटी' आहे की नाही, हे वेगळं पाहा.
- पाचही तारखा एकमेकींच्या जवळ आहेत का. चार ताजे आणि एक जुना ही युक्ती नवी नाही.
- बीडची कड कुठे वाकलेली, कापलेली नाही ना. एकावर एक रचून बांधलेले टायर बऱ्याचदा इथेच बिघडतात.
- खोबणीच्या तळाशी आणि बाजूवर बोट दाबून फिरवा. केसासारख्या भेगा दिसल्या तर टायर उन्हात किंवा उष्णतेत राहिलाय.
- नक्षीला दिशा असेल तर बाण कुठे आहे. अशा टायरची स्टेपनी एकाच बाजूला सरळ बसते.

सगळ्या कोडचे फोटो काढून ठेवा. टायर परत मागवले गेले तर हेच फोटो लागतात, कारण बसवताना पूर्ण कोड आतल्या बाजूला गेला तर तो वाचायला गाडीखाली झोपावं लागतं.

## ७. बसवताना समोर उभे राहा

जुने वॉल्व्ह बदलून घ्या. साधा रबरी वॉल्व्ह साधारण ६५ पीएसआयपर्यंतच्या हवेसाठी असतो. त्याहून जास्त हवा लागणाऱ्या टायरला धातूचा किंवा उच्च दाबाचा वॉल्व्ह हवा. दगडात घासून रबरी वॉल्व्ह तुटण्याचा धोका लक्षात घेता मी तो तसाही टाळतो.

बीड बसताना हवेचा दाब टायरवर लिहिलेल्या मर्यादेपलीकडे जाता कामा नये. ही मर्यादा बऱ्याच टायरवर ४० पीएसआय असते. बीड बसत नाही म्हणून कुणी हवा वाढवतच चालला असेल तर त्याला थांबवा आणि लांब उभे राहा. हवा सोडून, कड पुन्हा ओली करून, नव्याने प्रयत्न करायचा असतो.

पिवळा ठिपका टायरची हलकी जागा दाखवतो, तो वॉल्व्हजवळ आणला की बॅलन्सिंगला वजन कमी लागतं. तरीही एका चाकाला खूपच शिसं लागत असेल तर टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा मोजायला सांगा. स्टेपनीचंही बॅलन्सिंग करून घ्या. ती बदलायची वेळ भर रस्त्यात आली तर मग कुरकुर नको.

तपासा: दुकानातून निघण्याआधी दोन्ही टोकांना पूर्ण वळण, मग रिव्हर्समध्येही तेच. काही ठिकाणी टायर फक्त मागे जाताना घासतो. स्टेपनी तिच्या जागेत नीट बसते का, मागचं दार बंद होतं का, हेही तिथेच पाहा. अलाइनमेंट नवे टायर बसल्यावरच करायचं, आधी केलेलं धरू नका.

## ८. पहिले काहीशे किलोमीटर

नव्या टायरवर साच्यातला तेलकट थर असतो, त्यामुळे सुरुवातीला पकड कमी असते. पहिले तीन-चारशे किलोमीटर ओल्या रस्त्यावर जपून चालवा. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. नवी रिम असेल तर हे अजिबात चुकवू नका.

आता हवेची वही सुरू करा. रस्त्यासाठीचा आकडा थंड टायरवर ठरवा. कच्च्या वाटेवर किती कमी करायची, हे एखाद्या मोकळ्या, ओळखीच्या जागी दोन-दोन पीएसआयने उतरवत शोधा. वाळूत १८ ते २० पीएसआय हा सुरुवातीचा आकडा बऱ्याच मध्यम गाड्यांना लागू पडतो, जड गाडीला थोडा वर लागतो. हवा कमी केली की वेगही कमी आणि स्टिअरिंगचे झटके बंद, नाहीतर बीड सुटतो. भरण्याचा पंप बरोबर नसेल तर हवा सोडूच नका. कमी हवेवर डांबरावरून घरी जाण्याने चांगला टायर एका प्रवासात आतून मरतो, आणि बाहेरून काही दिसत नाही.

साधारण आठ ते दहा हजार किलोमीटरला टायरच्या जागांची अदलाबदल करा, एम/टी असतील तर त्याआधी. ठोकळ्यांची पुढची-मागची कड असमान झिजली की आवाज वाढतो, आणि उशीर झाला तर तो पुन्हा कमी होत नाही. दिशा नसलेल्या नक्षीचे टायर असतील आणि स्टेपनी त्याच मापाची, त्याच रिमवर असेल तर पाचही चाकं फेरीत घ्या. फेरीनंतर प्रत्येक चाकाच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खोबणीची खोली वहीत लिहा. मध्य जास्त झिजत असेल तर हवा उतरवा, दोन्ही कडा झिजत असतील तर वाढवा, एकच कड झिजत असेल तर अलाइनमेंट तपासून घ्या.